बातम्यांतला दहशतवाद आणि आपत्तीतली गर्दी: मोठा आवाज झाला की लोक असे का वागतात?

बोरीबंदर (धागाकर्ता)

गणपती जवळ आले की मंडळांच्या बैठकांत सीसीटीव्ही किती लावायचे यावर तासन्‌तास खल होतो. गर्दीत मोठा आवाज झाला तर माणसं तो कशाचा समजतील, यावर मात्र कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

आवाज सिलिंडरचा, ट्रान्सफॉर्मरचा, फटाक्याचा की बॉम्बचा, हे डोकं क्षणात ठरवून मोकळं होतं आणि पाय त्याप्रमाणे चालू लागतात. गेल्या पंधरवड्यात टीव्हीवर कसलं दळण चालू होतं, त्याचा या ठरवण्यात मोठा वाटा असतो. दोन उदाहरणं देतो.

म्युनिक, २२ जुलै २०१६. एका मॉलजवळ अठरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, नऊ जण मारले गेले. हल्लेखोर एक, जागा एक. पण आठ दिवस आधी फ्रान्समध्ये नीसला गर्दीत ट्रक घातला गेला होता, चार दिवस आधी व्युर्झबुर्गजवळ रेल्वेत कुऱ्हाडीने हल्ला झाला होता, आणि वाहिन्यांवर तेच चालू होतं. त्या संध्याकाळी सहा तासांत पोलिसांना चार हजारांहून जास्त फोन आले. ‘इथेही गोळीबार चालू आहे’ अशा खबरा शहरात साठहून अधिक ठिकाणांहून आल्या. एकही खरी निघाली नाही. साध्या कपड्यांतले पोलीस बंदुका घेऊन धावत होते, त्यांनाच लोक हल्लेखोर समजले. त्यांच्यापासून पळणाऱ्यांना बघून पुढच्या चौकातले पळाले. मॉलपासून कित्येक किलोमीटर दूर असलेल्या हॉफब्रॉयहाउस या मोठ्या बिअरगृहात लोकांनी खिडक्या फोडून बाहेर उड्या मारल्या.

इटलीतलं तुरिन, ३ जून २०१७. चौकात मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा अंतिम सामना, हजारोंची गर्दी. चोरट्यांच्या टोळीने गर्दीत मिरचीचा फवारा मारला. मँचेस्टरचा बॉम्बहल्ला होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. लोकांनी तोच अर्थ लावला आणि लाट फुटली. दीड हजारांहून जास्त जखमी, पुढे मृत्यूही झाले. जखमा बहुतेक पडण्याच्या आणि काचेच्या: चौकात बिअरच्या बाटल्या विकू दिल्या होत्या, त्या फुटून जमिनीवर काचांचा सडा झाला होता.

उलटंही होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्यातला गोळीबार सुरुवातीला वाहिन्यांनी टोळीयुद्ध म्हणून दाखवला. टोळीयुद्ध म्हटल्यावर सामान्य माणूस ‘त्यांचं ते बघतील’ म्हणून खिडकीत येऊन उभा राहतो.

जाणकारांनी भर घालावी. तात्त्विक चर्चा चालेल, पण शेवटी मंडळाच्या, सोसायटीच्या, स्टेशनवरच्या माणसाला उपयोगी पडेल असं काही निघू द्या.

—

आडवाट

चांगला धागा. एक हरकत आधीच नोंदवतो: ‘घबराट’ हा शब्द जपून वापरू या.

गर्दीच्या मानसशास्त्रावर काम करणाऱ्यांना आपत्तीत सैरावैरा, एकमेकांना तुडवत पळणारा जमाव फार क्वचित सापडतो. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांनंतर जॉन ड्रुरी, ख्रिस कॉकिंग आणि स्टीफन रायचर यांनी वाचलेल्या लोकांच्या कथनांचा अभ्यास केला. भुयारात अंधार, धूर, मदत यायला वेळ, आणि तरी अनोळखी माणसं एकमेकांना पाणी देत होती, जखमा बांधत होती, रांगेने बाहेर पडत होती. ‘आपण सगळे एकाच संकटात आहोत’ ही जाणीव झाली की माणूस जास्त सहकार्य करतो, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे ११ जुलै २००६ ला तेच झालं. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट. रुग्णवाहिका पोचायच्या आत रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमी बाहेर काढले.

तेव्हा म्युनिक आणि तुरिनमधले लोक बावळट नव्हते. हाती असलेल्या माहितीवर त्यांनी रास्त निर्णय घेतला. माहिती चुकीची होती. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘लोक घाबरतील’ म्हणून माहिती दाबून ठेवणारा अधिकारी नेमका तो अपघात घडवतो जो त्याला टाळायचा असतो.

—

कंट्रोल_रूम

आडवाट यांच्याशी सहमत, आणि माहिती दाबण्याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. २८ नोव्हेंबर २००८ ला, ताज आणि नरिमन हाउसमधली कारवाई अजून चालू असताना, सीएसटीला पुन्हा गोळीबार झाल्याची बातमी वाहिन्यांवर झळकली. खोटी होती. स्टेशन परिसरात धावाधाव झाली. त्याच दिवशी केबल कायद्याच्या कलम १९ खाली शहरातल्या वृत्तवाहिन्या बंद करण्याचा आदेश निघाला आणि थोड्याच वेळात मागे घ्यावा लागला. पडदा काळा झाला की माणूस शांत बसत नाही, तो फोन उचलतो. पोकळी अफवा भरते.

थेट प्रक्षेपणाचा तोटा दुहेरी होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षा दलांच्या हालचाली पडद्यावर दिसत होत्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार त्या बघून आत बसलेल्यांना सूचना देत होते. हे आपल्याला पाठ आहे. दुसरा तोटा कमी बोलला जातो: साठ तास तीच धुराची चौकट बघणाऱ्या अख्ख्या देशाला आपण धोक्याच्या शेजारी उभे आहोत असं वाटत राहिलं.

नियम आता आहे. २०१५ मध्ये केबल नियमांत ६(१)(पी) आला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने दिलेली माहिती तेवढीच दाखवायची. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने पुन्हा आठवण करून दिली. हा नियम वाहिन्यांना लागू होतो. गॅलरीतून फोनवर लाइव्ह करणाऱ्या शेजाऱ्याला नाही.

(अवांतर: नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या पोलिसांनी कारवाईची ठिकाणं ट्विटरवर टाकू नका अशी विनंती केली, तर लोकांनी त्या हॅशटॅगवर मांजरांचे फोटो टाकून तो बुजवून टाकला. इतकी छान नागरी शिस्त क्वचितच बघायला मिळते.)

—

पाचवी_लाईन

रेल्वेच्या बाजूने. घोषणा हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

सीएसटीला २६/११ च्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी काय केलं ते परत परत शिकवलं पाहिजे. मेन लाइनच्या बाजूने गोळीबार चालू आहे हे त्यांना केबिनमधून दिसलं. उपनगरी लोकलने येणाऱ्या प्रवाशांना त्यांनी मेन लाइनकडे जाऊ नका, फलाट एकवरून मागच्या गेटने बाहेर पडा, असं सतत सांगितलं. कुठे जायचं नाही, कुठून जायचं, एवढंच.

‘घाबरू नका’ ही सर्वांत वाईट घोषणा. घाबरण्यासारखं काहीतरी आहे एवढंच त्यातून कळतं, आणि पाय कुठे टाकायचा ते कळत नाही.

दुसरा नमुना: १५ फेब्रुवारी २०२५, नवी दिल्ली स्टेशन. ‘प्रयागराज’ नावाच्या दोन गाड्या, एक एक्स्प्रेस आणि एक स्पेशल. घोषणा ऐकून लोकांचा गोंधळ झाला, जिन्यावर दोन्हीकडचे लोक भिडले, १८ जण गेले. कुणाचा हल्ला नव्हता, अफवाही नव्हती. म्हणून घोषणेत गाडीचं नाव एकटं सांगू नये. नंबर, फलाट आणि ‘तुमचा फलाट बदललेला नाही’ हेही सांगावं.

तिसरा: २२ जानेवारी २०२५, जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेस. आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. तेव्हा मधे थांबलेल्या गाडीतून उतरावंच लागलं तर:

दुसरा रूळ ज्या बाजूला नाही त्या बाजूने उतरा. दोन्हीकडे रूळ असतील तर आधी डबा बदला; लांब पल्ल्याच्या गाडीत डबे आतून जोडलेले असतात. डब्यात खरंच आग दिसत असेल तर गाडी थांबायची वाट बघताना पुढच्या किंवा मागच्या डब्यात सरका, मधलं दार लावून घ्या. उतरल्यावर रुळापासून लांब व्हा, ‘बघू काय झालंय’ म्हणून दोन रुळांच्या मधल्या खडीवर उभे राहू नका. लोकलमध्ये डबे आतून जोडलेले नसतात (एसी आणि काही नवे रेक सोडून), त्यामुळे तिथे उतरण्याआधी दोन्ही बाजू बघणं हाच उपाय. १३९ वर कळवा, डब्याचा नंबर सांगा. तो डब्याच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लिहिलेला असतो.

—

मधुमालती

आकडेवारीवाल्या बाजूने दोन गोष्टी.

एक. बॉस्टन मॅरेथॉनच्या २०१३ च्या स्फोटांनंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या होल्मन, गार्फिन आणि सिल्व्हर यांनी सुमारे ४,७०० लोकांची पाहणी केली. आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षा जास्त आढळली. कार्यकारणभाव पक्का सिद्ध झाला असं कुणी म्हणू नये, आधीच अस्वस्थ असलेली माणसं जास्त टीव्ही बघत असतील. पण घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर दिवसभर चालू राहिलेला टीव्ही फुकटचा नाही, इतकं नक्की.

दोन. ९/११ नंतर अमेरिकेत कित्येकांनी विमान सोडून गाडी धरली. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या हिशेबाने पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर अंदाजे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले. दिसायला भयानक धोका टाळून लोक दिसायला साध्या धोक्यात गेले. आपल्याकडे याचं रूप वेगळं: बेवारस पिशवी दिसली की लोक शंभर फूट मागे सरतात आणि तेच लोक पावसाळ्यात झाकण निघालेल्या मॅनहोलवरून कमरेएवढ्या पाण्यात चालतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, आणि त्यानंतर दोनच दिवसांत धरण फुटल्याच्या अफवेने जुहूच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली.

—

गिरणगाव

आडवाट, तुमचा ‘जमाव तुडवत नाही’ हा मुद्दा मान्य, पण मग एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीचं काय? २९ सप्टेंबर २०१७, २३ मृत्यू. ‘फूल गिर गया’चं ‘पूल गिर गया’ झालं म्हणून लोक पळाले, असं तेव्हाच्या सगळ्या बातम्यांत होतं.

—

आडवाट

ती बातमी लोकांच्या लक्षात राहिली कारण ती गोष्ट म्हणून चांगली आहे. पाऊस आला, लोक जिन्यावर थांबून राहिले, खालून गाड्या माणसं ओतत राहिल्या. कुणी काही ओरडलं असेल वा नसेल, जिना आधीच भरलेला होता. अफवा म्हणजे ठिणगी. दारूगोळा म्हणजे दाटी.

चौरस मीटरमागे चारपर्यंत माणसं असली तर प्रत्येक जण आपल्या मर्जीने पाय टाकू शकतो. पाचच्या पुढे गर्दी धक्के पुढे ढकलू लागते. सहा-सात झाली की माणसाचं स्वतःच्या अंगावर नियंत्रण राहत नाही, लाट येते आणि नेते. बहुतेक मृत्यू तुडवल्याने होत नाहीत, उभ्याउभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. मागच्या माणसाला पुढचं दिसतच नसतं, तो क्रूर नसतो.

यात बातम्यांचा संबंध असा, की ‘चेंगराचेंगरीत भाविकांची बेशिस्त’ असा मथळा आला की दारं किती रुंद होती हा प्रश्न बाजूला पडतो. दहशतवादाच्या बातम्यांनी आणखी एक केलं: बंदोबस्त म्हणजे माणसं तपासणं, असं समीकरण झालं. मग मंडळं एकच मेटल डिटेक्टरची चौकट ठेवून बाकी वाटा बांबूने बंद करतात. घातपात टाळायला केलेली सोय बाहेर पडायच्या वाटेवर बूच होऊन बसते.

—

खांब_नंबर_बारा

याच बुचावर येतो, कारण मांडव आणि बॅरिकेडिंग हा विषय हातातला आहे.

मोजणी. मांडवाच्या तोंडाशी आणि सर्वांत अरुंद जागी जमिनीवर चुन्याने किंवा पिवळ्या टेपने २ × २ मीटरचा चौकोन आखा. म्हणजे ४ चौरस मीटर. कार्यकर्त्याने दर दहा मिनिटांनी चौकोनातली डोकी मोजायची. १२ पर्यंत निवांत. १६ झाली की आत सोडणं धीमं करा. २० झाली की प्रवेश बंद, बाहेरची वाट चालू. २४ पर्यंत जाऊ द्यायचंच नाही. अंधारात जमीन दिसत नाही म्हणून चौकोनावर हॅलोजन लावा, किंवा वरून लावलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्केचपेनने तोच चौकोन काढून ठेवा.

वाटा. येण्याची आणि जाण्याची वेगळी. जाण्याची वाट येण्याच्या वाटेपेक्षा रुंद हवी. बहुतेक ठिकाणी उलटं असतं, कारण दानपेटी जाण्याच्या वाटेवर असते आणि माणसं तिथे थबकतात. पेटी आत सरकवा. बांबूच्या बॅरिकेडला दर १० ते १५ मीटरवर एक उघडणारा भाग ठेवा, सुतळीने बांधलेला, तारेने नाही. तार सोडायला पक्कड लागते आणि पक्कड ऐनवेळी सापडत नाही. त्या भागाला पांढरं फडकं बांधा आणि कोणता कार्यकर्ता तो उघडणार त्याचं नाव ठरवा. मेटल डिटेक्टर लावायचाच असेल तर निदान दोन चौकटी, आणि शेजारी माणसाने धरलेला बंद दोर, जो सोडला की वाट मोकळी.

जमीन. काचेच्या बाटल्या बंद. तुरिनचं वाचलंच आहे वर. केबल रस्ता ओलांडत असेल तर रबरी रॅम्पखाली, नाहीतर वरून.

दिवे. आवाज झाल्यावर जनरेटर बंद करायची घाई करू नका. अंधार झाला की लोक सर्वांत वाईट अर्थ धरतात. जनरेटरलाच आग असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बाहेर पडायच्या वाटेवरचे चार दिवे बॅटरीवर हवेत.

आणि कुणी अडकलंच दाटीत: हात छातीसमोर, कोपर बाहेर, बॉक्सरसारखे. फोन पडला तर वाकू नका. लाटेच्या उलट ढकलू नका. लाट थांबते त्या क्षणी तिरकं, कडेकडे सरका. पडलात तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, डोकं हातांत.

—

बोरीबंदर (धागाकर्ता)

खांब, हे सोन्यासारखं आहे. पाचवी_लाईन, मंडळासाठी घोषणेचा मसुदा द्याल का? उदाहरणार्थ, मांडवामागे धडाम आवाज झाला, कशाचा ते अजून माहीत नाही.

—

पाचवी_लाईन

असा:

‘मी मंडळाचा सुरक्षाप्रमुख बोलतोय. मांडवाच्या मागे मोठा आवाज झालाय. अग्निशमन दलाला कळवलंय. मांडवातल्या लोकांनी उजव्या हाताने, शाळेच्या गेटने, चालत बाहेर पडा. रस्त्यावरच्या लोकांनी आहे तिथेच थांबा, मांडवाकडे येऊ नका. दोन मिनिटांनी पुन्हा सांगतो.’

पाच गोष्टी: कोण बोलतंय, काय झालं, कुणी काय करायचं, कुणी काय करायचं नाही, पुढची माहिती कधी. दोन मिनिटांनी नवं काही नसेल तरी बोला, ‘अजून तपासणी चालू आहे, उजव्या हाताने बाहेर पडत राहा’. गप्प राहिलात की लोक फोन उघडतात.

दोन खाचखळगे. ‘बॉम्ब नाही’ असं कधीही म्हणू नका. गोंगाटात ‘नाही’ विरून जातं आणि ‘बॉम्ब’ उरतो. शिवाय खात्री होण्याआधी नाकारलं आणि नंतर काही निघालं तर तुमची पुढची एकही घोषणा कुणी ऐकणार नाही. दुसरं, ‘पूर्वेच्या गेटने’ वगैरे दिशा चालत नाहीत. रात्री गर्दीत पूर्व कुणाला कळत नाही. ‘शाळेचं गेट’, ‘वडापावच्या गाडीकडे’, असं बोला.

मराठीत एकदा, लगेच हिंदीत एकदा, मग पुन्हा मराठीत. माइक हातात घेणारी माणसं दोनच, नावं आधी ठरलेली. डीजेच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: खूण केली की संगीत बंद, अँप्लिफायर मात्र चालूच.

—

रक्तपेढीवाला

इस्पितळांच्या बाजूने. टीव्हीच्या पट्टीवर ‘रक्ताची तातडीने गरज’ आलं की तासाभरात केईएम, सायन, नायर कुठेही रांग लागते. भावना चांगली. पण आज दिलेलं रक्त तपासण्या होऊन, घटक वेगळे होऊन उपलब्ध व्हायला तास लागतात. पहिल्या काही तासांत जखमींना जे चढतं ते कालपरवा दिलेलं असतं. तांबड्या पेशी पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट ५ दिवस. सगळ्यांनी एका दिवशी दिलं की महिन्याभराने काही वाया जातं, आणि त्याच लोकांना पुरुष असतील तर तीन महिने, स्त्रिया असतील तर चार महिने पुन्हा देता येत नाही. ९/११ नंतर अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून फोन करून विचारा, कोणता गट हवाय ते ऐका, आणि नको म्हटलं तर दोन आठवड्यांनी जा.

गर्दी टाळायचं याहून गंभीर कारण अहमदाबादचं आहे. २६ जुलै २००८ ला शहरभर स्फोट झाल्यावर जखमी जिथे आणले जाणार त्या सिव्हिल आणि एलजी इस्पितळांत पुन्हा स्फोट केले गेले. मदतीला धावलेले, नातेवाईक, डॉक्टर मेले. वाहनतळात घोळका करून उभं राहण्यासारखी जागा ती नव्हे. नातेवाइकांना शोधायला एका कुटुंबातून एकच माणूस जावा, बाकीच्यांनी घरचा फोन मोकळा ठेवावा.

—

गिरणगाव

फोनवरून आठवलं. अशा वेळी नेटवर्क बसतं, २००६ ला बसलंच होतं. काय करायचं?

—

कंट्रोल_रूम

कॉलपेक्षा एसएमएस हलका. रांगेत थांबतो आणि जागा मिळाली की जातो. घरात आधी ठरवून ठेवा की सगळ्यांनी एकाच बाहेरगावच्या नातेवाइकाला ‘मी ठीक, दादर, ७.१०’ एवढंच कळवायचं. व्हिडिओ कॉल नको. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, जिल्ह्याचा १०७७.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटासाठी: घटना कळताच अ‍ॅडमिनने ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग लावावी. प्रत्येक संदेशात तारीख आणि वेळ मजकुरातच लिहावी, कारण फॉरवर्ड झाल्यावर मूळ वेळ जाते आणि सकाळचा ‘पूल बंद’ रात्री पुन्हा फिरतो. व्हिडिओ आला तर त्यातली एक स्पष्ट चौकट स्क्रीनशॉट करून गूगल लेन्सवर टाका. तीन वर्षांपूर्वीचा दुसऱ्या देशातला निघाला की तिथेच विषय संपला. बरोबर आहे का सांगता येत नसेल तर ‘खरं का?’ असं विचारत पुढे पाठवू नका. प्रश्नचिन्ह वाटेत गळतं.

—

मधुमालती

अजून एक मुद्दा राहिला: नाव चुकलं की कृती चुकते. गोळीबारात आधी पळायचं, ते जमत नसेल तर खोलीत शिरून दार अडवायचं, दिवे बंद, फोन सायलेंट. ब्रिटनमध्ये हे ‘पळा, लपा, कळवा’ म्हणून शिकवतात आणि तिथल्या बातम्यांमुळे ते जगभर पोचलंय. पण आगीत तसं खोलीत लपून बसलात तर धुराने मराल. आगीत दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं, गार असेल तरच उघडायचं, वाकून जिन्याने खाली, लिफ्ट नाही. भूकंपात पळायचंच नाही. टेबलाखाली, डोकं झाकून, टेबलाचा पाय धरून. कारखान्यातून वायू सुटला तर घरात असाल तर खिडक्या बंद, बाहेर असाल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब, आणि क्लोरीनसारखा जड वायू असेल तर वरचे मजले. आवाज झाला म्हणजे यातलं नेमकं काय, हे कळायच्या आधी चालेल अशी एकच कृती आहे: आवाजापासून लांब, काचेपासून लांब, जाड भिंतीआड, आणि मग घोषणा ऐका.

बेवारस पिशवीलाही तेच. हात नाही, हलवणं नाही, फोटोसाठी जवळ जाणं नाही. ब्रिटनमधला ढोबळ अंतराचा आकडा: पाठीवरच्या पिशवीपासून १०० मीटर, सुटकेस किंवा मोटारीपासून २००, मोठ्या गाडीपासून ४००. वस्तू दिसत असेल तर तुम्ही अजून जवळ आहात.

—

खांब_नंबर_बारा

सायरनचं कुणी लिहिलं नाही अजून. मे २०२५ मध्ये वाहिन्या चर्चेच्या कार्यक्रमांतही हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. १० मे ला नागरी संरक्षण महासंचालनालयाने १९६८ च्या कायद्याचा आधार घेऊन सांगितलं की लोकशिक्षणाखेरीज हा आवाज वापरू नका, नाहीतर खरा वाजेल तेव्हा लोक दुर्लक्ष करतील. खालीवर होणारा म्हणजे इशारा, एकसारखा सरळ म्हणजे धोका टळला. तीन दिवस आधी, ७ तारखेच्या सरावासाठी मुंबई, उरण, तारापूर पहिल्या गटात होते, तरी हा फरक किती जणांना सांगता येईल शंका आहे.

मंडळांच्या हातातल्या, बोलायच्या बॅटरीच्या भोंग्याला (मेगाफोनला) ट्रिगरशेजारी किंवा मागच्या झाकणावर एक सायरनचं बटण असतं. कार्यकर्ते चाचणी म्हणून ते दाबतात, पोरं गंमत म्हणून. त्यावर इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या आडव्या मारा. बोलण्याचं बटण मोकळं राहिलं का बघा. काही मॉडेलमध्ये दोन्ही एकाच सरकत्या पट्टीवर असतात, तिथे पट्टी बोलण्याच्या बाजूला सरकवून मगच टेप.

—

बोरीबंदर (धागाकर्ता)

टेपची कल्पना उद्याच्या बैठकीत मांडतो. चौकोन मात्र चुन्याने आखला तर पहिल्याच सरीत जाईल. ऑइल पेंट चालेल का?

—

खांब_नंबर_बारा

ऑइल पेंट ओला झाला की निसरडा होतो, त्यावरच माणसं घसरतील. रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग घ्या, त्यात बारीक वाळू भुरभुरा. रस्ता पालिकेचा आहे, तेव्हा वॉर्ड ऑफिसला आधी विचारा.